गालिच्याच्या कडेची काळी रेघ

सोमवार, ३ नोव्हेंबर २०२५

आलो एकदाचे पनवेलला. चेंबूरच्या दारातून निघताना जे कपाट तासभर अडून बसलं होतं, ते इथे एका दमात आत गेलं. मी ह्यांना म्हटलं, घराला आपण पसंत पडलेले दिसतोय. हे म्हणाले, कपाट पसंत पडलंय, आपलं अजून बघायचंय.

घर बैठं आहे, तीन खोल्यांचं. जिना नाही, उंबरासुद्धा नावापुरता. मागे सखल जमीन, मग खारफुटी आणि तिच्या पलीकडे खाडी. घरमालक बळीराम ह्याच भागातले आगरी. त्यांच्या मुलाने, हृतिकने, दुबईहून आल्यावर हे घर हौसेने बांधलं आणि तिन्ही खोल्यांत भिंतीपासून भिंतीपर्यंत गालिचा चिकटवला. मोतिया रंगाचा. हृतिक परत दुबईला गेला आणि गालिचा आम्हाला मिळाला.

ह्याच गालिच्यासाठी मी हे घर घेतलं. मार्चमध्ये हे चेंबूरच्या गुळगुळीत फरशीवर पडले, खुब्याचं हाड थोडक्यात वाचलं. आता पडणं परवडणार नाही असं डॉक्टरांनी बजावलं आहे. त्यात ह्यांची फुफ्फुसं आकसत चालली आहेत, ऑक्सिजनचं मशीन आमच्याबरोबर कुटुंबातल्या माणसासारखं आलं आहे. रेवाने पुण्याहून फोनवर माझी शाळा घेतली, की बाबांच्या अशा छातीला गालिचा कसला घेतेस. पोरीला काय सांगणार. ठाण्याच्या कारखान्यात एकतीस वर्षं मी हवेचे फिल्टर तपासले. गालिचा म्हणजे आडवा पसरलेला फिल्टर. साफ ठेवला तर धूळ धरून ठेवतो, नाही ठेवला तर परत सोडतो. फिल्टर साफ ठेवायला मला कोणी शिकवायला नको.

दुपारी बळीरामांच्या आई, मालूआजी, तांदळाच्या भाकऱ्या आणि सुकटीची चटणी घेऊन आल्या. ऐंशीच्या पुढच्या असतील, पण पाठ ताठ. त्यांनी एकच गोष्ट सांगितली. अवस-पुनवेला, भरतीच्या वेळी, त्या येऊन पुढचं दार उघडं ठेवतात आणि मागच्या खोलीतला गालिच्याचा कोपरा घटकाभर उचलून ठेवतात. "घराला येनं-जानं लागतं. आमी दर अवस-पुनवेला येताव, तुमाला काय तरास नाय." मी बरं म्हटलं. म्हाताऱ्या माणसाला पहिल्याच दिवशी कशाला नाही म्हणा.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

परवा पौर्णिमेला मालूआजी आल्या, कोपरा उचलला, अर्धा तास तिथेच मांडी घालून बसल्या आणि गेल्या. कोपऱ्याखालून दमट खारट वास येत होता. त्या गेल्यावर मी व्हॅक्यूम फिरवला.

ह्यांचा ऑक्सिजन आज सकाळी ९४. चेंबूरला ९१च्या वर कधी गेला नव्हता. गालिच्यावर अनवाणी चालतात, काठी खुर्चीला टेकवून विसरतात. आज पेपर वाचता वाचता मोठ्याने हसले आणि त्यानंतर खोकला आला नाही. छत्तीस वर्षं झाली लग्नाला, पण त्यांचं नुसतं हसणं ऐकून मी स्वयंपाकघरात उभी राहून रडले, हे काही त्यांना सांगणार नाही.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

गालिच्याला रेघा पडायला लागल्या आहेत. भिंतीच्या कडेने, दाराच्या फटीखाली, पेन्सिलीने ओढल्यासारखी करडी काळी रेघ. व्हॅक्यूमने जात नाही. शाम्पूने घासली, फिकी झाली आणि दोन दिवसांत परत आली.

कामोठ्याहून काशीराम नावाचा गालिचे धुणारा बोलावला. त्याने मशीन लावलं, गुडघ्यावर बसून बोटाने रेघ चोळली आणि म्हणाला, मॅडम, हा डाग नाही, हे पुन्हा येणार. त्याचं बरोबर आहे. असली रेघ मी आयुष्यभर पाहत आले आहे. फिल्टरच्या चौकटीला फट राहिली की नेमकी तिथून हवा घुसते, आणि जिथून हवा घुसते तिथे ती आपली काजळी ठेवून जाते. म्हणजे घरातली हवा गालिच्यातून गाळली जाऊन भिंतीच्या बुडाशी कुठेतरी जाते आहे. रेघ काळी असते म्हणून लोक तिला घासत बसतात. घासायची नसते, फट शोधायची असते.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

आज उदबत्तीचा प्रयोग केला. कारखान्यात गळती शोधायला आम्ही धुराची नळी वापरायचो, घरी उदबत्ती चालते. पंखे बंद, खिडक्या बंद. उदबत्ती भिंतीच्या बुडाशी धरली तर धूर सरळ खाली वाकला आणि गालिच्याच्या कडेत शिरला. तासाभराने पाहिलं तर तोच धूर बाहेर ढकलला जात होता.

हे खुर्चीत बसून माझी गंमत पाहत होते. म्हणाले, घराला ओवाळतेस की काय.

संध्याकाळी बळीरामांना विचारलं. त्यांनी सांगितलं की पूर्वी इथे खाऱ्या पाण्याचा बांध होता, आणि नेमकी घराच्या जागेवर बांधाची उघाडी होती. उघाडी म्हणजे बांधातलं लाकडी दार. ओहोटीला शेतातलं पाणी त्यातून खाडीत जायचं, मिठागराला पाणी हवं असेल तेव्हा भरतीला आत घ्यायचे. पुढे भराव पडला, प्लॉट झाले, उघाडी खालीच राहिली. ते हे बोलताना घराकडे पाहत नव्हते. "पानी बंद झाला, पन त्याची सवय नाय गेली," असं म्हणाले.

मला उत्तर मिळालं. भरावाखाली पाणी चढतं-उतरतं, मधली हवा ढकलली जाते, ओढली जाते, आणि घर तिच्याबरोबर श्वास घेतं. साधं शास्त्र आहे. पण ह्यांच्या छातीत भरावाखालची हवा जायला नको.

गुरुवार, २० नोव्हेंबर

आज अमावास्या. मालूआजी अकराच्या सुमाराला आल्या, तर मी त्यांना दारातूनच परत पाठवलं. हे झोपलेत असं सांगितलं. खोटं नव्हतं, पण खरं कारण ते नव्हतं. कोपरा उचलला की खालची सगळी घाण वर येते आणि मग मी आठवडाभर घासत बसते. त्यांनी दोनदा विचारलं, निदान दार तरी उघडं ठेवता का. मी हसून बघू म्हटलं. आपल्या लोकांना नाही म्हणायचं असलं की आपण बघू म्हणतो, आणि समोरच्यालाही ते कळतं. त्या पायरीवर थोडा वेळ उभ्या राहिल्या आणि गेल्या.

बाजारातून सिलिकॉनच्या बारा नळ्या आणल्या आहेत, आणि दारांना लावायच्या रबरी पट्ट्या.

रविवार, २३ नोव्हेंबर

तीन दिवस गुडघ्यावर बसून काम केलं. भिंतीच्या बुडाची प्रत्येक फट भरली, पायपांच्या भोवती भरलं, तिन्ही दारांना खालून पट्ट्या लावल्या. मागच्या खोलीतला तो कोपरा तर दोनदा भरला. अकरा नळ्या लागल्या. शेवटी उदबत्ती फिरवली, धूर दोऱ्यासारखा सरळ वर गेला. कारखान्यातला माझा साहेब असता तर त्याने पाठ थोपटली असती.

हे म्हणाले, घर फार गप्प झालं आहे. मी म्हटलं, तुम्हीही कधीतरी व्हा.

बुधवार, २६ नोव्हेंबर

भिंतीकडेला रेघ नाही. तीन दिवसांत एकही नाही.

पण आज ह्यांची आरामखुर्ची सरकवली, तर खोलीच्या मधोमध, खुर्चीच्या भोवती काळी रेघ दिसली. पुरी गोल. तिथे फट नाही. खाली गालिचा, त्याखाली फरशी, त्याखाली काँक्रीट. मी बोटांनी दाबून दाबून पाहिलं. हवा जायला वाटच नाही आणि तरी काजळी बसली आहे.

ह्यांचा ऑक्सिजन सकाळी ९०, दुपारी ८८. मशीन दिवसभर लावलं. खुर्चीतून उठवून पलंगावर निजवलं.

गुरुवार, २७ नोव्हेंबर

रेघ पलंगाभोवती आली आहे. चारी पायांच्या बाहेरून, एका रात्रीत. ऑक्सिजन ८६.

सकाळी सुरी घेऊन मागच्या कोपऱ्यातलं सिलिकॉन कापून काढलं, गालिचा उचलला, दार उघडं टाकलं. उदबत्ती धरली. धूर हलला नाही. सगळ्या कडा कापल्या, हाताला फोड आले. कुठेच धूर हलला नाही. जी फट आठवड्यापूर्वी हवा ओढत होती, ती आता नुसती भिंत आहे.

मालूआजींकडे गेले. जाऊन पाय धरायचीही माझी तयारी होती. त्यांनी मला बसवलं, पाणी दिलं. म्हणाल्या, "तुमी बुजवलीत ना, आता ती उघाडी हितून नाय घेनार. तिला दुसरी वाट गावली." मी विचारलं, कुठली. उघाडीला दोन बाजू असतात, एकीकडून घेते, एकीकडे सोडते, एवढंच त्या म्हणाल्या. बळीराम माझ्याबरोबर फाटकापर्यंत आले, आत आले नाहीत.

आजपासून मी पलंगाशेजारी खाली गालिच्यावर गादी घालून निजणार. त्यांच्या श्वासावर कान ठेवायला हवा.

शनिवार, २९ नोव्हेंबर

चमत्कार म्हणावा असं आहे. ऑक्सिजन काल ९३, आज ९६. पलंगाभोवतीची रेघ वाढलेली नाही. आज स्वतःहून चहा मागितला, त्यात साखर कमी म्हणून कुरकुर केली. मी दोन चमचे जास्त घातली.

माझ्या गादीभोवती फिकट रेघ आली आहे. असेल. गादीचा दाब पडतो, कडेला धूळ जमते.

मंगळवार, २ डिसेंबर

हॉस्पिटलात लिहिते आहे.

काल आनंदाने निघालो होतो, ह्यांची सुधारणा डॉक्टरांना दाखवायला. कामोठ्याला जायचं होतं. रिक्षा आमच्या गल्लीच्या टोकाला वळली आणि हे माझ्या खांद्यावर कलले. ओठ निळे झाले. बोटाला ऑक्सिमीटर लावला, ७१.

तेव्हापासून इथे आहोत. मोठा मास्क, मोठं मशीन, तरी ८०च्या वर नाही. मी त्यांचा हात सोडलेला नाही. डॉक्टर म्हणतात, फुफ्फुसं संपत आली आहेत, तयारी ठेवा. शनिवारी ह्याच माणसाने साखरेवरून कुरकुर केली होती.

बुधवार, ३ डिसेंबर

हे आज सकाळी मास्क बाजूला करून म्हणाले, शशी, घरी ने. त्यांना इथे मरायचं नाही.

मी सही करून घरी आणलं. डॉक्टर रागावले. त्यांना पलंगावर निजवलं, मी खाली गादीवर बसले आणि ऑक्सिमीटरकडे पाहत राहिले. ८२. ८७. ९१. तासाभरात ९५.

म्हणजे आता ह्या घराबाहेर ह्यांना हवा पुरत नाही. घरात आहेत तोवर आहेत.

शुक्रवार, ५ डिसेंबर

औषधं संपली होती. ह्यांना बरं वाटत होतं म्हणून सुनीताला, शेजारच्या बाईंना, दोन तास बसायला सांगून बाजारात गेले. पाऊण तासात तिचा फोन आला. धावत आले तर हे उशीवर तोंड उघडं टाकून पडलेले, बोटांची नखं निळी, ७४. सुनीता रडत होती.

मी दारातून आत पाऊल टाकलं. गादीवर बसले. त्यांना हळूहळू हवा यायला लागली. सुनीताला वाटलं, मशीन चाललं.

ती गेल्यावर मी ऑक्सिमीटर स्वतःच्या बोटाला लावला. ह्यांचा ९५. माझा ९१.

शनिवार, ६ डिसेंबर

गादी उचलली. खालचा गालिचा मोतिया, बाहेरचाही मोतिया, आणि मधली रेघ आता बोटभर रुंद, काळी कुळकुळीत. भिंगातून पाहिली. काजळी, मिठाचे बारीक कण, कातडीचे पापुद्रे.

रेघ जिथून हवा ओढली जाते तिथे पडते. हे मला एकतीस वर्षं माहीत आहे. हवा माझ्याभोवतून ओढली जाते आहे. सुटते कुठे, तेही मला माहीत आहे. पलंगावर झोपलेत.

मला भीती वाटली. खूप वाटली. मग त्यांच्याकडे पाहिलं आणि म्हटलं, असू दे.

मंगळवार, ९ डिसेंबर

ह्यांचा ९७. माझा ८६.

दुसऱ्या खोलीत झोपून पाहिलं, खुर्चीत बसून पाहिलं. रेघ माझ्यामागून येते. न्हाणीघरात फरशी आहे, तिथे बसले तर फरशीच्या सांध्यांत आली.

हे घरभर फिरतात. उंबऱ्याबाहेर मी पाऊल टाकू देत नाही, त्यावरून चिडतात. तुरुंगात ठेवलंयस म्हणाले. मी तुझ्यापेक्षा ठणठणीत आहे, तू कसली निस्तेज दिसतेस, डॉक्टरला दाखव. मी म्हटलं, बघू.

गुरुवार, ११ डिसेंबर

भांडं उचलताना दम लागतो. जिभेवर सारखी मिठाची चव. तोंड धुतलं, टॉवेलवर काळं आलं. आरशात पाहिलं. नाकपुड्यांच्या कडेने बारीक काळी रेघ. घासली. संध्याकाळी परत.

बळीराम फाटकाशी आले होते. मी खिडकीतून विचारलं, काही उपाय. त्यांनी मान हलवली. "आजी सांगते, एक वाट दमली की दुसरी शोधते." एवढं बोलून निघून गेले.

शनिवार, १३ डिसेंबर

ह्यांनी रेवाला फोन केला. मी झोपले होते तेव्हा. आई आजारी आहे, चार दिवस ये. ती लेकाला, अपूर्वला, घेऊन येते आहे. मंगळवारी.

अपूर्व अडीच वर्षांचा आहे. दिवसभर जमिनीवर असतो.

मी बोलायला गेले तर तीन शब्दांत दम संपला. मेसेज केला, येऊ नकोस. तिचा मेसेज, तू आजारी आहेस म्हणूनच येते. मग सगळं लिहिलं. रेघा, उघाडी, सिलिकॉन, सगळं. दहा मिनिटांनी तिने ह्यांना फोन केला. बाहेरच्या खोलीतून ह्यांचा आवाज ऐकू येत होता. हो गं, जरा भ्रमिष्टासारखं करते, ऑक्सिजन कमी झाला की होतं म्हणे.

माझा मोबाइल त्यांनी उचलून ठेवला. तुला आराम हवा म्हणाले. प्रेमानेच म्हणाले.

सोमवार, १५ डिसेंबर

ह्यांचा ९८. माझा ७८. आता कमी होण्यासारखं फार उरलं नाही. मी दमले की ती दुसरी शोधणार.

ह्यांना सांगितलं, हात जोडले. त्यांनी माझे हात धरून खाली केले. कपाळावर हात ठेवला, ताप बघायला.

दार आतून लावून घ्यावं म्हटलं तर किल्ली त्यांच्याकडे. उभी राहिले तर डोळ्यांपुढे काळं. गादीपासून दारापर्यंत सोळा पावलं आहेत. पाचव्यावर बसले.

एकच वाट दिसते. लिहवत नाही.

हे घराबाहेर गेले तर गल्लीच्या टोकाला कोसळतील, त्या दिवशीसारखे. उद्या रेवा यायच्या वेळेला कोसळले तर रेवा तिथूनच त्यांना हॉस्पिटलात नेईल. अपूर्वला घेऊन. घरात कोणी येणार नाही.

मंगळवार, १६ डिसेंबर

सकाळी १०.४० — रेवाचा फोन आला ह्यांना. पळस्पे फाट्याला उतरली, रिक्षा करते आहे. हे म्हणाले, मी गल्लीच्या टोकाला जाऊन उभा राहतो, नाहीतर घर सापडणार नाही तिला. माझ्याकडे पाहिलं, मी नेहमीसारखी अडवेन म्हणून.

मी अडवलं नाही. जा म्हटलं.

त्यांनी बूट घातले. नाडी नीट बांधा म्हटलं. टोपी मागितली, ती माझ्या उशाशी होती. मी दिली. माझ्या हाताने दिली. त्यांना बरं वाटलं, इतक्या दिवसांनी मोकळं सोडलं म्हणून. दारात वळून म्हणाले, आता बघ नातू आला की कशी उठून बसतेस.

मला त्यांना परत बोलवायचं होतं. हवा नव्हती तेवढी. असती तर —

१०.५५ — टोकाला पोचले असतील. गल्ली शंभर पावलांची.

११.०० — काही आवाज नाही. लोक ओरडतील असं वाटलं होतं. छत्तीस वर्षं. आणि मी ऐकत पडले आहे, ते पडल्याचा आवाज कधी येतो म्हणून.

११.१० — माझा ७१. रेघ गादीवर चढली आहे. चादरीवर.

११.१५ — रिक्षा. थांबली. फाटकाशी.

हसणं. ह्यांचं. चांगलं मोठ्याने, न खोकता.

ते पडले नाहीत.

का पडले नाहीत.

रिक्षातून गेलो तेव्हा मी बरोबर होते. हॉस्पिटलात दोन दिवस मी हात धरून बसले होते. बाजारात मीच गेले होते. सगळ्या वेळी घराबाहेर — मी. ते बाहेर होते की आत, त्याने फरक नव्हता. मी आत असले की त्यांना पुरतं, ते कुठेही असोत. पुण्याला असते तरी. रेवाकडे पाठवायला हवं होतं त्यांना. मी एकटी इथे राहिले असते, संपले असते, ते सगळे तिकडे. इतकं सोपं. सगळ्या चाचण्यांत एकच गोष्ट सारखी होती आणि मी तीच तपासली नाही. मी. एकतीस वर्षं —

फाटक वाजलं. अपूर्व काहीतरी ओरडतो आहे, आजी आजी. रेवा म्हणते आहे, अरे थांब, कडेवरच बूट काढते तुझे आधी.

कुलपात किल्ली.

रेवा, ही वही आधी वाच. बाबांना घेऊन परत जा, आत्ता, त्यांना बाहेर काही होत नाही, मी चुकले होते. मला इथेच राहू दे. अपूर्वला कडेवरून खाली उतरवू नकोस, त्याचे पाय गालिच्याला —

उतरवलं. मोज्यांवर पळत येतो आहे माझ्याकडे. मला अचानक किती मोकळं वाटतं आहे, छाती भरून हवा, ऑक्सिमीटर ८०, ८६, नको, ९१, नको, रेवा त्याला उचल, त्याच्या पायांभोवती —